क्विल्टच्या फोटोखाली करणाऱ्याचं नाव छापा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

क्विल्टच्या प्रदर्शनाची बातमी पेपरात येते, सोबत मोठा रंगीत फोटो असतो आणि खाली ओळ असते, "महिलांनी साकारलेल्या आकर्षक गोधड्या". कुठल्या महिलांनी, ते कधीच नसतं. त्याच पानावर चित्रप्रदर्शनाची बातमी असली की तिथे चित्रकाराचं नाव असतं, चित्राचं नाव असतं, कधी कधी तैलरंग की जलरंग तेही असतं. हे एका पेपरपुरतं नाही, सगळीकडे असंच चालत आलंय, आणि मलाही आधी त्यात काही वावगं वाटायचं नाही, पण वर्षभर एका मॉडर्न क्विल्टिंगच्या ग्रुपमध्ये काम केल्यावर आता अशी ओळ दिसली की मन तिथेच अडकतं, म्हणून हे पत्र लिहितेय. जरा लांबेल, जमेल तेवढं छापा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. क्विल्ट म्हणजे तीन थर, वर तुकडे जोडून केलेलं कापड, मधे बॅटिंग म्हणजे कापसासारखा मऊ भरावाचा थर, खाली अस्तर, आणि तिन्ही थर एकमेकांना धरून ठेवणारी टीप. हे जुनंच आहे. मॉडर्न म्हणतात ते दिसण्याच्या बाबतीत, म्हणजे प्लेन कापड जास्त, रंगांचा विरोध ठसठशीत, डावी-उजवी बाजू सारखी असावी हा नियम मोडलेला, आणि खूप सारी मोकळी जागा. २००९ मध्ये लॉस एंजेलिसला अलिसा हाइट कार्लटन आणि लतिफा साफिर यांनी मॉडर्न क्विल्ट गिल्ड सुरू केलं, ऑनलाइन ओळख झालेल्या क्विल्टर लोकांनी समोरासमोर बसावं, काम दाखवावं एवढाच साधा हेतू होता, आणि २०१३ च्या फेब्रुवारीत ऑस्टिनला त्यांचं पहिलं मोठं प्रदर्शन भरलं, क्विल्टकॉन. आमचा ग्रुप छोटासा आहे पण कल्पना तीच, एकत्र बसायचं, अर्धवट असलेलं काम आणायचं, ते सगळ्यांसमोर लावायचं.

अर्धवट हे महत्त्वाचं आहे. पूर्ण झालेल्या कामाला लोक छान म्हणतात, त्यापलीकडे म्हणायला उरतं काय? अर्धवट काम समोर लावलं की लोक बोलतात. आम्ही भिंतीवर बॅटिंगचा मोठा तुकडा ताणून लावतो, त्याला डिझाइन वॉल म्हणतात, त्यावर कापडाचे तुकडे पिन न लावताच चिकटून राहतात आणि हवे तसे हलवता येतात. एका मैत्रिणीने अख्खा क्विल्ट राखाडी ठेवला होता, त्यात तीन-चार शेड्स, आणि एकच लाल चौकोन बरोब्बर मधोमध. बघणाऱ्यांना आवडत होता. तिला स्वतःला मात्र खटकत होतं आणि काय खटकतंय ते सांगता येत नव्हतं. कुणीतरी म्हणालं मोबाइलवर ब्लॅक अँड व्हाइट फोटो काढून बघ, तिने काढला, तर फोटोत तो लाल चौकोन गायबच, म्हणजे रंग वेगळा होता पण गडदपणा आजूबाजूच्या राखाडीइतकाच होता. मग जरा उजळ लाल लावून बघितला, थोडं सुधारलं, पण तरी मजा येईना. ग्रुपमध्ये एक जण आहे जी फारसं बोलत नाही, ती उठली, चौकोन मधून काढला आणि पार उजव्या कडेला नेऊन लावला, इतका कडेला की बाइंडिंग, म्हणजे कडेची पट्टी, लागल्यावर त्याचा थोडा भाग कापलाच जाणार. सगळे एकदम बोलायला लागले. मघापर्यंत जी राखाडी जागा नुसती उरलेली वाटत होती तिला आता दिशा आली होती, नजर डावीकडून निघून सरळ तिथे जाऊन थांबत होती. मोकळी जागा म्हणजे रिकामी जागा नाही हे मी कितीदा वाचलं असेल, पण ते पटलं त्या संध्याकाळी.

आता हा क्विल्ट कुणाचा? अर्थात जिने केला तिचाच. पण तिने पूर्ण झाल्यावर मागे जे लेबल शिवलं त्यावर स्वतःचं नाव लिहिलं, खाली "लाल चौकोनाची जागा" असं लिहून त्या न बोलणाऱ्या मैत्रिणीचं नाव लिहिलं, आणि त्याखाली जिने लाँगआर्म मशीनवर, म्हणजे क्विल्टच्या टिपा मारायच्या मोठ्या मशीनवर, टिपा मारून दिल्या तिचं नाव. तीन ओळी. त्या लेबलपासून आमच्या ग्रुपमध्ये नावांबद्दल जे बोलणं सुरू झालं ते वर्षभर थांबलंच नाही, आणि मला वाटतं आमच्या वर्षाचं खरं काम तेच झालं, क्विल्ट किती पुरे झाले त्यापेक्षाही.

टिपा मारणाऱ्याचं नाव कशाला, असं विचारणारे भेटतात, जोडकाम तर दुसऱ्याचं असतं म्हणतात. फुलाफुलांच्या कापडावर टीप लपते, प्लेन कापडावर एक एक टाका दिसतो. जिथे अर्धा क्विल्ट मोकळी जागा आहे तिथे त्या जागेत काय दिसणार हे टिपाच ठरवतात, पाऊण इंचावर सरळ रेघा मारल्या तर एक गोष्ट होते, अगदी काडेपेटीतल्या काड्या शेजारी शेजारी ठेवल्यासारख्या जवळजवळ मारल्या तर कापड कडक होतं, चमक बदलते, वेगळीच गोष्ट होते. शिवाय सगळ्या रेघा एकाच दिशेने मारत गेलं तर थर ओढले जातात आणि चौकोनी क्विल्ट तिरका होतो, म्हणून कुठून सुरुवात करायची, कुठली रेघ उलट दिशेने न्यायची हे आधी डोक्यात मांडावं लागतं. हे सगळं ज्याने केलं त्याला फोटोखाली जागा नाही हे मला मान्य नाही.

दर भेटीत एकाने एखाद्या जुन्या क्विल्टबद्दल सांगायचं असंही आम्ही ठरवलं होतं. सुरुवातीला वाटलं होतं की डिझाइनच्या आयडिया मिळतील. मिळाल्याच, पण त्याहून जास्त काय मिळालं तर कुणाचं नाव राहिलं आणि कुणाचं गेलं याचा हिशेब.

हॅरिएट पॉवर्सची गोष्ट मला तिथेच कळली. १८३७ साली अमेरिकेतल्या जॉर्जियात गुलामगिरीत जन्मलेली बाई. तिने बायबलमधल्या गोष्टींचा एक क्विल्ट केला, अकरा चौकटी, प्रत्येकीत कापडाची कापून लावलेली माणसं, प्राणी, तारे. १८८६ मध्ये तो एका कापूस मेळ्यात मांडला होता तिथे जेनी स्मिथ नावाच्या चित्रकलेच्या शिक्षिकेने बघितला आणि विकत मागितला, पॉवर्सने नाही म्हणून सांगितलं. पुढे काही वर्षांनी घरात पैशाची ओढाताण झाली तेव्हा तिने स्वतःहून विचारलं, दहा डॉलर मागितले, मिळाले पाच. नंतर ती आपला क्विल्ट बघायला पुन्हा पुन्हा त्या बाईंकडे जात असे. आज तो क्विल्ट स्मिथसोनियनच्या संग्रहालयात आहे, तिचा दुसरा बोस्टनच्या म्युझियम ऑफ फाइन आर्ट्समध्ये, तिचे म्हणून एवढे दोनच शिल्लक आहेत. आणि आपल्याला प्रत्येक चौकटीत काय आहे हे कळतं ते का, तर विकताना पॉवर्सने एक एक चौकट समजावून सांगितली आणि स्मिथबाईंनी ते लिहून ठेवलं. पाच डॉलरचा व्यवहार अन्यायाचाच होता असं मला वाटतं, पण तो लिहिलेला कागद नसता तर आज पाटीवर "करणारी अज्ञात" एवढंच असतं. तशा पाट्या जगभरच्या संग्रहालयांत भरपूर आहेत.

१९७१ चं न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियममधलं प्रदर्शन पण असंच. जोनाथन होल्स्टाइन आणि गेल व्हॅन डर हूफ यांनी जमवलेले जुने अमेरिकन क्विल्ट पहिल्यांदाच एवढ्या मोठ्या म्युझियमच्या भिंतींवर अमूर्त चित्रांसारखे टांगले गेले, लोक चकित झाले, क्विल्टकडे कला म्हणून बघायला तिथून खरी सुरुवात झाली असं मानतात. त्या प्रदर्शनाचं मोल मी अजिबात कमी करत नाही. पण बहुतेक क्विल्ट कुणी केले ते माहीतच नव्हतं, आणि पुढे अनेकींनी हाच प्रश्न विचारला की भिंतीवर न्यायचं तर क्विल्टबरोबर बाई कुठे गेली? आकार आणि रंग तेवढे घ्यायचे आणि हात सोडून द्यायचे, असं कसं.

म्हणूनच गीज बेंडबद्दल आमच्या ग्रुपमध्ये सगळ्यात जास्त वेळ बोलणं झालं. अलाबामात नदीच्या वळणात, तीन बाजूंनी पाणी असलेली ही वस्ती, तिथल्या कृष्णवर्णीय बायका पिढ्यानपिढ्या जुन्या कामाच्या कपड्यांमधून, जीन्सच्या झिजलेल्या गुडघ्यांमधून क्विल्ट करत आल्या. १९६२ मध्ये तिथल्या लोकांनी मतदार म्हणून नोंदणीसाठी धडपड सुरू केली तशी त्यांची फेरी बोटच बंद केली गेली आणि ती परत सुरू व्हायला २००६ उजाडलं, म्हणजे चाळीसहून जास्त वर्षं पलीकडे जायला लांबचा वळसा. २००२ मध्ये त्यांचे क्विल्ट आधी ह्यूस्टनला आणि मग त्याच व्हिटनीमध्ये लागले, पण या वेळी प्रत्येकाखाली नाव होतं. लोरेटा पेटवे, मेरी ली बेंडॉल्फ, ॲनी मे यंग. २००६ मध्ये अमेरिकेच्या टपाल खात्याने त्यांच्या क्विल्टची दहा तिकिटं काढली, २०१५ मध्ये बेंडॉल्फ, पेटवे आणि लूसी मिंगो यांना तिथला राष्ट्रीय वारसा सन्मान मिळाला. आम्ही त्यांचे फोटो मोठ्या स्क्रीनवर लावून बघत होतो, निळ्या डेनिमच्या दोन फिकट पट्ट्या, त्यात जिथे खिसा होता तिथे गडद चौकोन राहिलेला कारण तिथे ऊन लागलंच नव्हतं, आणि तो गडद चौकोन बरोब्बर जिथे हवा तिथेच ठेवलेला. हे बघितल्यावर मॉडर्न म्हणजे २००९ नंतरचं असं म्हणायला माझी तरी जीभ रेटत नाही. आपण ज्याला इम्प्रोव्ह म्हणतो, मोजपट्टी न लावता कापणं, जोडत जोडत ठरवणं, ते या बायका कधीपासून करतायत. पेन्सिल्व्हेनियातल्या आमिश, म्हणजे साधेपणाने राहणाऱ्या एका ख्रिस्ती पंथाच्या, बायकांनी तर प्लेन लोकरी कापडाचे मोठे मोठे चौकोन शंभर वर्षांपूर्वीच लावून ठेवलेत. मग आमच्यातल्या काहींनी ठरवलं की आपलं काम कुणाकडून शिकून आलंय ते पण लेबलवर लिहायचं. पॅटर्न विकत घेतला असेल तर डिझायनरचं नाव, आणि एखाद्याचं काम बघून सुचलं असेल तर तेही. ज्याचं काम बघून सुचलं त्याला शक्य असेल तर आधी विचारायचं. याने काम लहान होत नाही, उलट बघणाऱ्याला पुढचा धागा मिळतो.

एड्सने गेलेल्यांच्या आठवणीसाठी केलेल्या एड्स मेमोरियल क्विल्टबद्दल बहुतेकांनी ऐकलेलं असतं. ११ ऑक्टोबर १९८७ ला वॉशिंग्टनच्या नॅशनल मॉलवर तो पहिल्यांदा पसरला तेव्हा १,९२० तुकडे होते, प्रत्येक तीन बाय सहा फूट, साधारण एका माणसाच्या थडग्याएवढा. आज जवळपास ५०,००० तुकडे झालेत, वजन ५४ टन. ज्यांची नावं त्या काळी घरचे सुद्धा मोठ्याने घ्यायला घाबरत होते त्यांची नावं तिथे मोठ्या अक्षरांत शिवलेली आहेत आणि क्विल्ट पसरताना ती वाचून दाखवली जातात. क्विल्टवर नाव असण्याचा अर्थ यापेक्षा वेगळा सांगायची गरजच नाही. आमच्या ज्या भेटीत हे ऐकलं तिथे नंतर कुणी फारसं शिवलं नाही.

आमच्यातलंच एक सांगते. आम्ही बी चालवली, म्हणजे दर महिन्याला एकाची पाळी, ती व्यक्ती रंग आणि एखादी अट सांगणार, बाकी सगळ्यांनी एकेक ब्लॉक, म्हणजे तुकडे जोडून केलेला क्विल्टचा एक भाग, करून तिला द्यायचा. सगळे कडेपासून पाव इंचावरच शिलाई घेतात पण प्रत्येकाचा पाव इंच वेगळा असतो, कुणाची सुई एक धागा आत कुणाची बाहेर, एका शिलाईत ते कळत नाही पण दहा पट्ट्या जोडल्यावर ब्लॉक चांगलाच लहानमोठा होतो. मग ज्याची पाळी आहे त्याने बसून कमी पडेल तिथे पट्टी जोडायची, जास्त असेल तिथे कापायचं. मला यातच सगळ्यात जास्त शिकायला मिळालं कारण दुसऱ्याचा ब्लॉक कापताना तो नीट बघावा लागतो, काय गेलं तर चालेल आणि काय गेलं तर त्याचं म्हणणंच जाईल हे ठरवावं लागतं. एकाने हाताने कापलेल्या वळणाचे ब्लॉक पाठवले होते, दोन कापडं सुलट बाजू वर ठेवून कडेला एकावर एक आणायची आणि रोटरी कटरने, म्हणजे गोल फिरत्या पात्याच्या कटरने, दोन्हीतून एकाच वेळी वळण कापत जायचं, मग ती वळणं एकमेकांत बसतात, त्याचं वळण इतकं सावकाश होतं की ते कापायचं धाडस कुणाला होईना. शेवटी त्या ब्लॉकसाठी अख्ख्या क्विल्टचं माप वाढवलं. ब्लॉकबरोबर प्रत्येकाने एक छोटा सहीचा तुकडा पाठवायचा अशी बीची पद्धत असते, ते सगळे तुकडे मागच्या अस्तरात शिवले.

तेव्हा ग्रुपमधलीच एक म्हणाली, माझं नाव कशाला, मी दोन चौकोन तर दिले. हे मला वर्षभर वेगवेगळ्या तोंडून ऐकू आलं आणि ज्यांनी सगळ्यात जास्त काम केलं त्यांच्याच तोंडून जास्त. हे सगळ्यांनी मिळून केलेलं काम आहे, नावं कशाला, असंही म्हणतात, आणि त्यात नम्रपणा आहे हे मला कळतं. पण नावं नसली म्हणून काम सगळ्यांचं होत नाही. ते कुणाचंच राहत नाही, आणि मग ज्याच्याकडे ती वस्तू येते त्याचंच नाव लागतं, संग्राहकाचं, संस्थेचं, प्रदर्शनाचं उद्घाटन करणाऱ्या पाहुण्यांचं. पाहुण्यांचं नाव मात्र बातमीत न चुकता असतं. कुणाला खरंच नाव नको असेल तर तो त्याचा हक्क आहे, विचारावं आणि नको म्हटलं तर सोडून द्यावं. विचारतच नाहीत, माझी तक्रार एवढीच आहे.

तेव्हा विनंती अशी. फोटो छापताना खाली क्विल्टचं नाव, जोडकाम कुणाचं, टिपा कुणाच्या, आणि डिझाइन दुसऱ्याचं असेल तर त्याचं नाव, एवढं यावं. ग्रुपचं काम असेल आणि जागा कमी असेल तर ग्रुपचं नाव आणि डिझाइन ज्याने मांडलं त्याचं नाव तरी. माप दिलं तर फारच बरं कारण फोटोत हातरुमाल आणि भिंतभर क्विल्ट एकसारखे दिसतात. ही माहिती गोळा करायला बातमीदाराला वेगळे कष्ट नाहीत, जिथे लेबलं असतात तिथे मागची बाजू उलटून बघितली की झालं, नाहीतर आयोजकांकडे यादी मागावी. आयोजकांकडे यादी नसेल तर त्यांनी पण ती करायला लागावी, पेपरने विचारलं की ते करतात. आणि क्विल्ट कायम छंद, फावला वेळ, घरगुती अशाच पानावर का? कधीतरी कलेच्या पानावर येऊ द्या, आमच्याबद्दल नाही तर नाही, गीज बेंडच्या बायकांबद्दल येऊ द्या. चांगलं परीक्षण येऊ द्या, टीका सुद्धा चालेल. मोकळी जागा फसली असेल तर फसली म्हणा, आम्ही एकमेकांना ते वर्षभर म्हणतच आलोय आणि त्यानेच काम सुधारलं.

वाचकांना पण एक सांगायचंय. घरात कुणीतरी केलेला क्विल्ट किंवा गोधडी असेल आणि ज्यांना माहिती आहे ती माणसं अजून आहेत, तर विचारून घ्या, कुणी केली, साधारण कधी, कापड कशातलं आहे. पांढऱ्या सुती कापडाचा तळहाताएवढा तुकडा घ्या, आधी धुऊन घ्या म्हणजे नंतर आटणार नाही, कापडावर लिहायचं न जाणारं पेन मिळतं त्याने लिहा, साधं बॉलपेन नको ते पसरतं, वाळलं की वरून गरम इस्त्री फिरवा, आणि कडा दुमडून मागच्या बाजूला खालच्या कोपऱ्यात हाताने शिवून टाका. क्विल्ट खूप जुना आणि विरलेला असेल तर त्याला सुई लावू नका, तेच कागदावर लिहून क्विल्टसोबत ठेवा. पूर्ण नाव लिहा, नुसतं आजी किंवा मावशी नको, पन्नास वर्षांनी कुणाची आजी ते कुणाला कळणार नाही. अक्षरं जरा मोठी काढा, बारीक रेघा धुण्यात आधी जातात.

आपली,
क्विल्टिंग ग्रुपमधली एक वाचक